स्वभावमापनाची प्रश्नावली : काय मोजते, काय मोजत नाही

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपल्याकडे म्हणतात. बोलणारा सहज बोलून जातो. पण ज्याच्याविषयी ते बोलले जाते त्याच्या कपाळावर शिक्का बसतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, महाड या भागातल्या महाविद्यालयांत हा शिक्का आता आकड्यांच्या रूपात भेटतो. मानसशास्त्राचे, शिक्षणशास्त्राचे, समाजकार्याचे विद्यार्थी प्रकल्पासाठी एखादी छापील प्रश्नावली घेतात. पन्नास मुलगे आणि पन्नास मुली यांच्याकडून ती भरून घेतात. गुणांची बेरीज करतात आणि शेवटच्या प्रकरणात लिहितात : मुली भावनाप्रधान, मुलगे धाडसी, मुली भित्र्या, मुलगे ठाम. या किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात शिकवताना असे प्रकल्प मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. बेरीज बहुधा बरोबर असते. प्रश्न आहे तो बेरजेनंतर लिहिलेल्या वाक्याचा.

हा विषय मानसशास्त्राच्या वर्गापुरता आहे, चळवळीतल्या माणसाला त्याचे काय, असे कोणी विचारील. पण नोकरीच्या मुलाखतीपूर्वी आज अशाच प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. मुलीला कोणती शाखा ‘मानवते’ हे सांगणारे समुपदेशक अशाच तक्त्यांचा आधार घेतात. शिवाय ‘स्वभाव’ हा शब्द आपल्याला नवा नाही. या शब्दाने आपल्या माणसांचे काय केले हे आधी पाहिले पाहिजे, म्हणजे प्रश्नावलीकडे नीट पाहता येईल.

१

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात चारही वर्णांची कर्मे त्यांच्या त्यांच्या स्वभावातून निपजलेल्या गुणांप्रमाणे वाटून दिली आहेत असे सांगितले आहे. सेवा हे शूद्राचे स्वभावज कर्म ठरवले आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीचे मन मुळातच चंचल आणि स्नेहशून्य असल्याने कितीही राखण केली तरी ती नवऱ्याशी बेइमानी करते, असे ‘स्वभाव’ हाच शब्द वापरून म्हटले आहे. आणि म्हणूनच तिची राखण करावी, असा निष्कर्ष लगेच काढला आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शूद्राला किंवा स्त्रीला कोणी काही विचारलेले नाही. आणि स्वभावाचे वर्णन संपते न संपते तोच कामाची आणि बंधनाची वाटणी सुरू होते.

इंग्रजी अमलातही हा शब्द वेगळ्या वेषात टिकला. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून निघायला १९५२ साल उजाडले. लष्करात ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिगर लढाऊ जाती’ अशी विभागणी झाली, आणि ज्या महारांनी मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या नोकरी केली होती त्यांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. १८९० च्या दशकात त्यांनी सरकारकडे अर्ज करून या अन्यायाला वाचा फोडली. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या पन्नास वर्षांत महारांचा स्वभाव बदलला होता काय? नाही, सरकारची गरज बदलली होती.

आणि याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. लुगडे कसे नेसावे, अंगावर जातीची खूण सांगणारे जड दागिने का घालू नयेत, मुलींना का शिकवावे, हे त्यांनी सांगितले. आणि बायकांनी तिथल्या तिथे नेसण्याची तऱ्हा बदलली. ज्याला लोक त्या बायकांची ‘रीत’, त्यांचा ‘स्वभाव’ समजत होते ते प्रत्यक्षात लादलेले होते. लादणारा हात बाजूला होताच ते गळून पडले. स्वभावमापनाचा विचार करताना महाडचा हा प्रसंग मला नेहमी कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा उपयोगी वाटतो.

२

आता प्रश्नावलीकडे वळू. पहिल्या महायुद्धात बॉम्बवर्षावाने कोणते सैनिक मनाने खचतील हे आधी ओळखता यावे म्हणून अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९१७ च्या सुमारास ‘होय – नाही’ उत्तरांची एक यादी तयार केली. छापील स्वभावप्रश्नावलीची परंपरा तिथून चालू झाली. १९३२ साली रेन्सिस लिकर्ट यांनी ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पायऱ्या पाडण्याची रीत रूढ केली. इंग्लंडमध्ये हान्स आयसेंक यांनी बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता या दोन मापांभोवती प्रश्नावल्या रचल्या. पुढे अमेरिकेत पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांनी पाच घटकांची मोठी प्रश्नावली केली. १९९२ च्या तिच्या सुधारित आवृत्तीत २४० विधाने आहेत. भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, नव्याचा स्वीकार, जुळवून घेण्याची वृत्ती आणि कर्तव्यदक्षता हे ते पाच घटक. लोधी, देव आणि बेल्हेकर या पुण्याच्या अभ्यासकांनी तिचे मराठी रूप वापरून केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, आणि पाच घटकांची ही मांडणी मराठी उत्तरांतही बऱ्याच अंशी दिसून आली. तेव्हा ‘हे सगळे परदेशी, आपल्याला लागू नाही’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

या प्रश्नावलीत एक चांगली गोष्ट आहे, ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ती माणसालाच विचारते. तू कसा आहेस हे तूच सांग, असे म्हणते. मनूने स्त्रीला विचारले नाही, भरती अधिकाऱ्याने महाराला विचारले नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना प्रश्नावली टाकून द्या असे कधीच सांगत नाही. पण विचारणे आणि ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणते प्रश्न विचारायचे, कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे आणि बेरजेला काय नाव द्यायचे, हे उत्तर देणाऱ्याच्या हाती नसते. खरी मेख तिथे आहे.

स्त्रीपुरुष-फरकाच्या मापनाचा इतिहास याचा पुरावा आहे. १९३६ साली लुइस टर्मन आणि कॅथरीन कॉक्स माइल्स यांनी पुरुषत्व व स्त्रीत्व मोजणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात एकच पट्टी होती : एका टोकाला पुरुष, दुसऱ्या टोकाला स्त्री. जो प्रश्न दोघांत फरक दाखवीत नाही तो अशा चाचणीत टिकतच नाही. म्हणजे फरक शोधण्यासाठी केलेले माप फरक दाखवणार यात नवल ते काय! १९७४ साली सॅन्ड्रा बेम यांनी ही एक पट्टी मोडून दोन केल्या. एकच व्यक्ती ठामही असू शकते आणि मायाळूही असू शकते, हे त्यांनी मोजमापात आणले. त्यांच्या यादीत साठ विशेषणे होती : वीस पुरुषी मानलेली, वीस बायकी मानलेली, वीस तटस्थ. पण ‘पुरुषी’ आणि ‘बायकी’ कोणी मानलेली? अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी, आपल्या समाजात पुरुषाला काय शोभते आणि बाईला काय शोभते याचा विचार करून. तेव्हा त्या पट्टीवर जे मोजले जाते ते समाजाच्या अपेक्षेशी जुळणे किंवा न जुळणे होय. बेम यांना हे पक्के ठाऊक होते. आपल्या प्रकल्पांत मात्र तीच बेरीज ‘स्त्रीत्व’ या नावाने छापली जाते.

३

बेरीज कशी होते ते थोडक्यात सांगते. बहिर्मुखता मोजायची तर एकच प्रश्न पुरत नाही, म्हणून एकाच गुणाविषयी दहा-बारा विधाने देतात. काही मुद्दाम उलटी ठेवतात, कारण पुष्कळ जण न वाचताच ‘होय’ म्हणत जातात. उलट्या विधानांचे गुण उलटे मोजायचे असतात. सर्व विधाने एकाच दिशेने बोलतात का, याला विश्वसनीयता म्हणतात. जे मोजतो म्हणतो तेच मोजले जाते का, याला सप्रमाणता म्हणतात. वजनकाटा रोज तोच आकडा दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे. पण त्याने उंची मोजायला निघाले तर तो सप्रमाण नाही. विद्यार्थी बहुधा पुस्तिकेत छापलेला विश्वसनीयतेचा आकडा उतरवून घेतात. तो आकडा दुसऱ्या कुठल्या गावातल्या, दुसऱ्या कुठल्या माणसांचा असतो. आपल्या शंभर विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर तो नव्याने काढला पाहिजे, आणि तो कमी आला तर पुढच्या तुलनेला अर्थ उरत नाही.

सप्रमाणतेचा प्रश्न आपल्या मातीत फारच टोकदार होतो. काही नमुने पाहा. ‘नव्या नव्या ठिकाणी जायला आवडते का?’ या प्रकारचा प्रश्न साहसाची आवड मोजण्यासाठी असतो. ज्या कातकरी मुलाचे आईबाप दरवर्षी पाऊस सरला की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जातात, त्याने ‘नाही’ असे लिहिले तर तो साहसी नाही काय? ‘अनोळखी लोकांच्या मेजवानीत रमता का?’ हा बहिर्मुखतेचा प्रश्न. ज्याला मेजवानीला कोणी बोलावलेच नाही, किंवा बोलावून पंगतीच्या टोकाला बसवले, त्याने काय लिहावे? ‘लोक आपल्याविषयी काय बोलतील याची काळजी वाटते का?’ या प्रश्नाला ‘होय’ म्हटले की भावनिक अस्थिरतेचा एक गुण वाढतो. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलताना ज्याने पाहिला आहे त्याची ही काळजी म्हणजे अस्थिरता की अनुभव? ‘रात्री एकटे बाहेर पडायला भीती वाटते का?’ शेवटची एस.टी. चुकली तर काय, याचा हिशोब करून तास अर्धवट सोडणाऱ्या मुलीने ‘होय’ लिहिले, तर तिच्या स्वभावाचे माप निघाले की रस्त्याचे?

कोळीणबाईचे उदाहरण तर रोजच्या पाहण्यातले आहे. बाजारात टोपलीमागे बसलेल्या बाईचा आवाज, तिचा सौद्यातला ठामपणा, गिऱ्हाईकाला परतवण्याची तिची धमक सगळा किनारा जाणतो. तिचीच मुलगी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसते. प्रश्नावली वर्गात भरून घेतली जाते, बाजारात नाही. मुलगी ‘अंतर्मुख’ ठरते. तीच मुलगी सुट्टीत आईशेजारी बसली असता तिला तेच प्रश्न विचारले तर? माणूस जागेप्रमाणे बदलतो असे नव्हे. पण कोणती जागा त्याला बोलू देते आणि कोणती देत नाही, हे प्रश्नावली विचारीत नाही.

आयसेंक यांच्या प्रश्नावलीत आणखी एक मापिका असते, उत्तर देणारा स्वतःला फार चांगला दाखवतो का हे पाहणारी. ‘दुसऱ्याची वस्तू कधीच घेतली नाही’ अशा प्रकारच्या विधानांना होकार देणारा बहुधा खरे बोलत नाही, असे तिचे तर्कशास्त्र. घरातली पहिली शिकणारी मुलगी, समोर प्राध्यापक उभे, कागदावर हजेरी क्रमांक लिहायला सांगितलेला. ती ‘चांगली’ उत्तरे देते, कारण चुकीचे उत्तर दिल्याची किंमत तिच्या घराने चुकवलेली असते. याला खोटेपणा म्हणण्यापूर्वी हजेरी क्रमांक खोडावा.

४

आता मुलगे आणि मुली यांच्यातील फरकाकडे येऊ. एक कल्पित उदाहरण घेते. समजा, चाळीस गुणांच्या मापिकेवर मुलींची सरासरी २४ आणि मुलांची २२ आली. दोघांचे प्रमाण विचलन ५. पन्नास-पन्नास जणांच्या नमुन्यात हा फरक संख्याशास्त्राच्या भाषेत जेमतेम ‘लक्षणीय’ ठरतो, आणि प्रकल्पात वाक्य येते : मुली अधिक भावनाप्रधान असतात. पण याच आकड्यांतून दुसरेही दिसते. गुणांची विभागणी नेहमीसारखी घंटाकृती धरली, तर शंभरातल्या सुमारे चौतीस मुली मुलांच्या सरासरीच्याही खाली आहेत. वाटेल ती एक मुलगी आणि वाटेल तो एक मुलगा घेतला, तर शंभरातून एकसष्ट वेळा मुलीचे गुण जास्त असतील आणि एकोणचाळीस वेळा मुलाचे. म्हणजे समोर उभ्या असलेल्या एका मुलीविषयी ‘ही मुलगी आहे म्हणून भावनाप्रधान असणार’ असे म्हणणाऱ्याचा अंदाज दर पाच वेळांतून जवळजवळ दोनदा चुकेल. आणि ‘लक्षणीय’ या शब्दाचेही तसेच. पाचशे-पाचशे जण घेतले तर पाऊण गुणाचा फरकसुद्धा ‘लक्षणीय’ होतो. तो शब्द फरक योगायोगाचा नसावा एवढेच सांगतो. फरक मोठा आहे असे सांगत नाही.

जगात काय आढळले? २००१ साली कोस्टा, तेराच्चानो आणि मॅक्रे यांनी २६ संस्कृतींतील २३ हजारांहून अधिक लोकांची उत्तरे एकत्र पाहिली. स्त्रिया सरासरीने चिंता, माया, जुळवून घेणे यांत थोड्या वर. पुरुष ठामपणात थोडे वर. फरक लहान होते. एकाच लिंगाच्या माणसामाणसांतला फरक त्याहून मोठा होता. २००५ साली जॅनेट हाइड यांनी अशा ४६ एकत्रित विश्लेषणांचा आढावा घेतला. त्यांत तपासलेल्या फरकांपैकी ७८ टक्के फरक लहान किंवा जवळजवळ शून्य निघाले. आणि २००१ च्या अभ्यासात एक कोडे होते : स्त्रीपुरुषांतील फरक युरोप-अमेरिकेत अधिक, आणि जिथे बायकांवर बंधने जास्त तिथे कमी. काही जण यावरून म्हणतात, बंधने सुटली की खरा निसर्ग दिसतो. पण त्याच अभ्यासकांनी मांडलेली दुसरी शक्यता मला आपल्याकडे अधिक खरी वाटते. जिथे ‘बाईने ऐकायचेच’ असा दंडक आहे तिथे बाई ऐकते तेव्हा ती त्याला आपला स्वभाव म्हणत नाही, कर्तव्य म्हणते. आणि ‘मी ठाम आहे का?’ याचे उत्तर देताना ती शेजारणीशी तुलना करते, भावाशी नाही. मोजमापच वेगळ्या पट्टीवर चालू असते. हा वाद मिटलेला नाही. पण सरासरीच्या एका तक्त्यावरून निसर्ग सिद्ध होत नाही एवढे त्यातून निश्चित होते.

हे शहाणपण मराठीला नवे नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्यांच्याजवळ प्रश्नावली नव्हती, प्रमाण विचलन नव्हते. त्यांनी बाईच्या माथी मारलेला एक एक दुर्गुण घेतला आणि विचारले, हा पुरुषात नाही काय? त्याच्यात तो जास्त नाही काय? आणि असेल तर तोंड लपवण्याची पाळी बाईवरच का? तुलना करायची तर दोन्ही बाजूंना तेच माप लावा, ही त्यांची मागणी होती. जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आजच्या प्रकल्पलेखकाला यापेक्षा चांगला पहिला धडा नाही.

५

आणखी एक प्रश्न उरतो : उत्तर देणारे कोण? २००८ साली जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या सहा नियतकालिकांतील पाच वर्षांचे संशोधन तपासले; नमुन्यांतील ९६ टक्के लोक पाश्चात्य औद्योगिक देशांतले निघाले. आपण या गोष्टीवर टीका करतो, आणि आपल्या प्रकल्पात नेमके तेच करतो. ‘रायगड जिल्ह्यातील युवती’ असे मथळ्यात लिहितो आणि आपल्याच महाविद्यालयातल्या, त्या दिवशी हजर असलेल्या मुली घेतो. बारावीनंतर जिचे लग्न झाले ती त्यात नाही. वीटभट्टीवर गेलेली नाही. घरी आजारी आजीजवळ थांबलेली नाही.

आणि हजर असलेल्या मुली तरी एक कुठे आहेत? कागदावर लिंग, वय, शाखा एवढेच रकाने. दलित मुलगी, कोळी मुलगी, आगरी मुलगी, सवर्ण मुलगी यांची एक सरासरी काढून ‘स्त्री’ नावाची एक बाई तयार होते, आणि ती बाई बहुधा सवर्ण घरातल्या मुलीसारखी दिसते. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीच्या वेगळ्या बोलण्याविषयी जो वाद मांडला तो येथे थेट लागू पडतो. मग जातीचा रकाना घालावा काय? घालावा, पण सावधपणे. कारण रकाना घातला की ‘दलित विद्यार्थ्यांचा स्वभाव’ नावाची दुसरी सरासरी काढायला वेळ लागत नाही, आणि मग आपण फिरून १८७१ च्या कायद्याच्या दारात उभे. जातीसोबत परिस्थितीही विचारली पाहिजे : घरकामाला रोज किती तास जातात, महाविद्यालयात यायला किती वेळ लागतो, वर्गात कधी अपमान झाला का, रात्री परतायची सोय आहे का. पुष्कळदा असे दिसते की ही उत्तरे लक्षात घेतली की ‘स्वभावा’चा फरक आटतो. आटला तर तो फरक स्वभावाचा नव्हताच. न आटला तरी काही बिघडत नाही. आपण प्रामाणिकपणे मोजले एवढे खरे.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना आणि या पानांच्या वाचकांना काही गोष्टी सुचवते. प्रश्नावली हाती येईल तेव्हा आधी विचारा : ती कोणासाठी, कुठे, कोणत्या वर्षी तयार झाली? मराठी रूप करताना दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मूळ भाषेत उलटवून ताडले होते का? भरून घेण्यापूर्वी दहा जणांशी बोलून प्रत्येक विधान त्यांना काय वाटले हे ऐकले का? नाव आणि हजेरी क्रमांक वगळला का? सरासरीशेजारी प्रमाण विचलन दिले का, आणि दोन्ही गट एकमेकांत किती मिसळतात हे साध्या शब्दांत सांगितले का? निष्कर्षात ‘मुली अशा असतात’ असे लिहिले की ‘या मुलींनी या दिवशी असे सांगितले’ असे लिहिले? नोकरीसाठी अशी प्रश्नावली भरून घेतली असेल, तर तिचा उपयोग कशासाठी होणार हे विचारण्याचा उमेदवाराला अधिकार आहे, हेही मुलांना सांगा.

आणि तक्त्यांबरोबर माणसांचे शब्दही गोळा करा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गावोगाव भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. त्या स्त्रियांना पाच पर्यायांतून एकावर खूण करायला कोणी सांगितले नव्हते. त्या बोलल्या, आणि भित्री, अबला, अडाणी ही विशेषणे आपोआप गळाली. प्रकल्पाच्या शंभर कागदांपैकी निदान दहा जणांशी असे बसून बोलावे. निकाल तयार झाला की तो ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्यासमोर वर्गात वाचून दाखवावा, आणि ‘हे तुम्हाला पटते का?’ असे विचारावे. ज्या गोष्टी त्यांना पटणार नाहीत त्या प्रकल्पाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांच्याच शब्दांत छापाव्यात. मार्गदर्शक शिक्षकाने एवढा आग्रह धरला तरी पुष्कळ काम होईल.